पुन्हा विचार करा

मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. शिक्षिकेच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, मान्य. पण आमच्या शाळेत कुणालाही विचारा, प्रत्येकीच्या मनात हेच असतं. मी फक्त मोठ्यानं म्हणते. कसबा पेठेतल्या आमच्या शाळेत मी चौथीला शिकवते. इतकी वर्षं शिकवते आहे की ज्यांचे आईबाप माझ्या हाताखालून गेले, त्यांची पोरं आता त्याच बाकांवर बसतात आणि भागाकारात त्याच जागी चुकतात. अशा बाईला प्रशिक्षणाला बोलावलं की तिचं डोकं फिरणारच. पूर्वी आम्हाला एखाद्या हॉलमध्ये कोंबायचे. ज्यानं कित्येक वर्षांत खडू हातात धरलेला नाही असा गृहस्थ समोर उभा राहून उंटावरून शेळ्या हाकायचा. एका हिवाळ्यात माझ्या शेजारच्या बाईंनी व्याख्यान संपेपर्यंत पिशवीभर मटार सोलले होते. त्या दिवशी कुणाच्या हाताला काही लागलं असेल तर ते त्यांच्याच.

यंदा मात्र मुख्याध्यापक सर हातात टॅब घेऊन शिक्षकखोलीत आले. आमचे सर अत्यंत सज्जन आहेत. घंटा वाजली हेसुद्धा ते माफी मागितल्यासारखं सांगतात. म्हणाले, "बाई, आता प्रशिक्षण इथेच व्हायचंय. शाळेतच. कुणी येणार नाही, कुणी जाणार नाही. व्हिडिओ बघायचा, तो मध्ये थांबतो, आपल्याला प्रश्न विचारतो, आपण उत्तर दिलं की पुढे जातो."

"आणि नाही दिलं तर?" मी विचारलं.

"तर थांबूनच राहतो," सर म्हणाले.

म्हणजे माझ्यासारखाच हट्टी, असं मी मनात म्हटलं आणि टॅब घरी नेला. पहिल्या व्हिडिओत कुठल्याशा गावातला दुसरीचा वर्ग होता. हातच्याची वजाबाकी. एक मुलगा फळ्यापाशी येतो आणि बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस लिहितो. तिथे चित्र थांबलं आणि खाली प्रश्न आला: आपण आता काय कराल? तीन पर्याय. मी बेधडक पहिला दाबला: फळ्यावर पुन्हा समजावून सांगेन. मग काय करणार, आरती करणार त्याची? तर पडद्यावर अक्षरं उमटली, "पुन्हा विचार करा."

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी घरात एकटीच होते, तरी इकडेतिकडे बघून घेतलं. दुसरा पर्याय दाबला. पुन्हा विचार करा. झक मारत तिसरा दाबला: त्यालाच विचारेन, तू हे कसं केलंस. चित्र हललं. त्या बाईंनी खरंच विचारलं. पोरगा शांतपणे म्हणाला, "दोनातून सात जात नाही, म्हणून मी सातातून दोन काढले." त्याच्या डोक्यात सगळं व्यवस्थित चाललं होतं, फक्त उलटं. इतक्या वर्षांत अशी उत्तरं मी पोत्यांनी तपासली होती आणि लाल फुल्या मारल्या होत्या. मी तो व्हिडिओ परत लावला. मग पुढचाही बघितला. सरांना मात्र दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बरा आहे. जरा आगाऊ आहे." सरांना माझ्या तोंडचं 'बरा आहे' कळतं, ते खूश होऊन गेले.

इथवर ठीक होतं. पंचाईत पुढच्या भागाची होती. दुसऱ्यांचे वर्ग बघून झाले की आम्ही आपापल्या वर्गाचं दहा मिनिटांचं चित्रण करायचं, ते टॅबवर चढवायचं आणि बाकीच्यांनी त्यात हव्या त्या जागी प्रश्न टाकायचे. व्हिडिओ त्या जागी थांबणार. आम्ही त्यांना थांबे म्हणायला लागलो, पीएमटीच्या बसचे असतात तसे. आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्यांनी शिक्षकखोलीतल्या टीव्हीवर ते एकत्र बघायचं.

आता आमच्या शाळेत एक न लिहिलेला नियम आहे, दुसऱ्या बाईच्या वर्गात डोकावायचं नाही. खडू मागायला गेलं तरी उंबऱ्यावर उभं राहायचं, नजर खडूवर ठेवायची आणि निघायचं. इतकी वर्षं एका छपराखाली काढून आम्ही एकमेकींना शिकवताना पाहिलेलं नव्हतं. एकमेकींच्या हातची भाजी पाहिली होती, बाळंतपणं पाहिली होती, हे मात्र नाही. त्यामुळे सरांनी हे सांगितलं तेव्हा खोलीत अशी शांतता झाली की बाहेर तांबट आळीतले हातोडे मोजून घ्यावेत.

सगळ्यात जास्त घाबरली ती तिसरीची नवी मुलगी. मुलगी म्हणजे शिक्षिकाच, पण माझ्या लेकीपेक्षा लहान. यवतमाळकडची. दिवाळीनंतर रुजू झाली. विश्रांतवाडीला एका खोलीत दुसऱ्या एका नोकरदार मुलीबरोबर राहायची, पहाटे उठून स्वतःचा डबा करायची आणि बस बदलून आमच्या आधी शाळेत हजर. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. का ते सांगता येणार नाही. काही माणसं आवडतात. तिच्या तिसरीच्या वर्गाला तिच्याआधी जूनपासून तीन शिक्षिका येऊन गेल्या होत्या, एकही टिकली नव्हती. पोरं नव्या बाईंना विचारायचीच, "बाई, तुम्ही कधी जाणार?" कुचकेपणानं नव्हे, नुसतं माहिती म्हणून.

पण पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. ती शिक्षकखोलीत आली, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "मी आजपासून तिसरीवर येऊन रायली." आमच्या पहिली-दुसरीच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बसा. भाषा नंतर दुरुस्त करू." या बाई म्हणजे पुण्याच्या शुद्धलेखनाच्या कोतवाल. भेळवाल्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी स्वतःच्या पेनानं सुधारला आहे. मनानं वाईट नाहीत, पण जीभ अशी की समोरच्याला घरी गेल्यावर लागलं असं समजतं. या मुलीला मात्र तिथेच लागलं. त्या दिवसापासून ती तोंडात पुस्तक धरल्यासारखी बोलायला लागली. प्रत्येक वाक्य आधी मनात लावायचं, तपासायचं आणि मग बाहेर काढायचं. वर्गातही तसंच. वाक्य बाहेर येईपर्यंत पोरं खिडकीतून बाहेर.

चित्रणाची सुरुवात मी माझ्यापासून केली. म्हटलं, होऊन जाऊ दे. शनिवारी सगळ्या जमल्या, टीव्हीवर मी दिसायला लागले. आपण पाठमोऱ्या इतक्या रुंद दिसतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मी फळ्याकडे तोंड करून विचारत होते, "चोविसाला सहानं भागलं की किती? चार. बरोबर? बरोबर." व्हिडिओ थांबला. पहिली-दुसरीच्या बाईंचा थांबा होता. लिहिलं होतं: शिक्षिकेने हा प्रश्न कोणाला विचारला? अ) मुलांना. ब) फळ्याला. क) स्वतःला.

मी 'अ' दाबलं. पुन्हा विचार करा. मग जे हसू फुटलं खोलीत! सर रुमालात हसले. मी इतकी हसले की मला ठसका लागला आणि बाईंनीच पाणी दिलं. इतकी वर्षं आम्ही एकत्र काम करतो, पण एवढं मोकळं आम्ही कधी हसलो नव्हतो. तिसरीची मुलगीही हसली. मग हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला, ते मी पाहिलं.

ते सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी बसच्या थांब्याकडे चालत निघालो. ती म्हणाली, "बाई, तुमची त्यांनी अशी गत केली, तर माझी काय करतील? पुढच्या शनिवारी माझा नंबर आहे. त्याच्या आधीच मी राजीनामा देते. बाबा म्हणतात, गावाकडं शाळा बघू." आवाज अगदी सरळ होता, म्हणजे तिनं ठरवलं होतं. मी घाबरले. खरंच घाबरले. तिसरीच्या पोरांना मी चौथी बाई गेली म्हणून काय सांगणार होते? आणि पोरांचं जाऊ दे, मला ती हवी होती.

पण आपण पडलो पुणेकर, प्रेमाचं बोलणंही तिरकंच निघतं. मी म्हटलं, "राजीनामा कधीही देता येतो, त्याला मुहूर्त लागत नाही. शनिवार होऊ दे. सोमवारी दे. मी स्वतः तुला शुद्ध मराठीत लिहून देईन."

ती जराशी हसली. "सोमवारी नक्की देईन पण."

"दे की," मी म्हटलं. आणि घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात एकच, या मुलीचं चित्रण असं झालं पाहिजे की कुणाला बोट ठेवायला जागा नको.

मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या करतात. तपासणीला साहेब येणार असले की पाठ आधी बसवायचा. कुठला प्रश्न, कुठलं उत्तर, सगळं पोरांकडून घोटून घ्यायचं. आणि वर एक गुरुमंत्र: उत्तर येत असेल तर उजवा हात वर, येत नसेल तर डावा. म्हणजे साहेबांना सगळे हात वर दिसतात आणि बाईंना कुणाला उठवायचं ते कळतं. बुधवारी ती कामासाठी बाहेर गेली होती, तेव्हा तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. मी अर्धा आणि पाव हा तिनं मला आधी सांगितलेला पाठ पोरांकडून पक्का करून घेतला. पुठ्ठ्याचा गोल दाखवून बाई आधी विचारतील, याचे दोन सारखे भाग केले तर एक भाग किती? तुम्ही म्हणायचं, अर्धा. मग विचारतील, अर्ध्याचा अर्धा? पाव. मग, एका पूर्णात पाव भाग किती? चार. पोरांना गंमत वाटली. खिडकीजवळच्या एका मुलीनं मात्र नेहमीप्रमाणे नुसती मान हलवली.

या मुलीबद्दल सांगायला हवं. ती अमरावतीकडून आलेल्या कुटुंबातली, बाप कारखान्यात. पहिलीत आली तेव्हापासून वर्गात तिच्या तोंडून एक शब्द कुणी ऐकला नव्हता. वहीत सगळं बरोबर. विचारलं की मान हलवायची. पटांगणात खेळताना तोंड चालायचं, वर्गात आली की कुलूप. पहिली-दुसरीच्या बाईंनी दोन वर्षं जंग जंग पछाडलं. शेवटी आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, मुलगी अबोल आहे.

गुरुवारी चित्रण. माझा फोन मी कपाटाच्या कडीला वेणीच्या रिबिनीनं बांधला आणि बाजूला उभी राहिले. नियम होता की चित्रण करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. ती फळ्यासमोर आली. पांढरी पडली होती. हातात पुठ्ठ्याचा गोल. आणि भीतीनं तिचा क्रम चुकला. तिनं तिसरा प्रश्न आधी विचारला, "मुलांनो, एका पूर्णात पाव भाग किती असतात?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "अर्धा!"

ती गोंधळली. "नीट ऐका, मुलांनो."

"पाव!"

"थांबा रे."

"चार!" आणि पाठ संपला म्हणून पोरं हात खाली घेऊन समाधानानं बसली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी कपाटापाशी जिभेवर दात रोवून उभी. ती क्षणभर पोरांकडे बघत राहिली, मग हातातल्या गोलाकडे. आणि एकदम हसायला लागली. पोट धरून. हसता हसता तिच्या तोंडून सुटलं, "अरे बापा, हे काय होऊन रायलं? कोनं शिकवलं रे तुमाले हे?"

सगळ्या वर्गानं बोटं माझ्याकडे केली. म्हणजे फोनकडे. "चौथीच्या बाईंनी!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आता सगळं वाया गेलंच आहे, मग भ्यायचं कशाला, असं काहीतरी होतं. तिनं पुठ्ठ्याचा गोल टेबलावर ठेवला, पिशवीतून डबा काढला आणि डब्यातून ज्वारीची भाकर. "हे पाहा. ही माही आजची भाकर. मले भूक लागली आणि यालेही लागली." पहिल्या बाकावरच्या मुलाला तिनं उभं केलं. "दोघांले कशी वाटू?"

"अर्धी-अर्धी!"

तिनं भाकर मोडली. भाकर कुठे पुठ्ठ्यासारखी सरळ मोडते. एक तुकडा मोठा, एक लहान. मोठा त्या मुलाच्या हातात दिला. "झाली का अर्धी-अर्धी?"

"हो," सगळे म्हणाले.

"नाही."

आवाज खिडकीकडून आला. बारीक, पण स्पष्ट. सगळी डोकी वळली. खिडकीजवळची मुलगी उभी होती आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती. "हे अर्धं नाही, बाई. त्याले जास्त गेलं."

माझा हात तोंडावर गेला. या वर्गाच्या जुन्या शिक्षिकांपैकी कुणी तिथे असती तर ओरडलीच असती, अगं बाई, बोलली! आणि ती पोरगी पुन्हा कुलूप लावून बसली असती. या नव्या बाईनं तसलं काही केलं नाही. ती बोलली यात जणू नवल नव्हतंच. दोन्ही तुकडे तिच्यापुढे धरून म्हणाली, "मंग तू कर न बरोबर."

पोरगी आली. एक तुकडा दुसऱ्यावर ठेवला, बाहेर आलेली कड तोडली. आता दोन सारखे झाले आणि एक कड उरली. "हिचं काय?" कुणीतरी विचारलं. तिनं कडेचेही दोन केले आणि इकडे एक, तिकडे एक ठेवला. मग सगळा वर्ग टेबलाभोवती. अर्ध्याचा अर्धा झाला, पाव झाला, चार पाव जोडून पुन्हा भाकर झाली, एकानं मध्येच पुरावा खाल्ला. त्या मुलीचं तोंड एकदा जे उघडलं ते मिटेना. नवी बाई तिच्याशी तिच्या बोलीत आणि बाकीच्यांशी दोन्हीत बोलत होती, आणि समजत सगळ्यांना होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, कपाट काही कुणाला सांगत नाही.

घंटा झाल्यावर मात्र तिचं धैर्य ओसरलं. "बाई, पुसून टाका ते. भाकर मोडली मी वर्गात. आणि किती कशी बोलली मी. त्या बाईंसमोर हे लावायचं?"

"मला फोनमधलं पुसता येत नाही," मी म्हटलं. खरं तर चांगलं येतं.

"मग सोमवारी तुम्ही ते लिहून देणार न?"

"शब्द दिलाय," मी म्हणाले, आणि घरी जाऊन चित्रण टॅबवर चढवलं. शेवटचं अर्धं मिनिट मी पुन्हा पुन्हा बघितलं, आणि तिथे माझा एक थांबा टाकला.

शनिवारी शाळा सुटली. टीव्हीसमोर खुर्च्या लागल्या. ती माझ्या शेजारी बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. पहिली-दुसरीच्या बाई पुढच्या खुर्चीत, ताठ. त्यांनी त्यांचा थांबा सकाळच्या मधल्या सुट्टीत टाकला होता. कुठे आणि काय, ते मलाही माहीत नव्हतं. बाहेर तांबटांचे हातोडे चालू होते, आणि चित्रणातही तेच, त्यामुळे आतले कुठले नि बाहेरचे कुठले कळेना.

पहिला थांबा सरांचा होता. विद्यार्थी उत्साही आहेत का? अ) हो. ब) होय. सरांना कुणाला दुखवता येत नाही. मग आलं ते अर्धा, पाव, चार, आणि पडद्यावरच्या सगळ्या पोरांनी बोटं थेट आमच्याकडे केली. खोलीत हलकल्लोळ. पहिली-दुसरीच्या बाईंनी मान वळवून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "छान बसवला होता पाठ," म्हणाल्या. मी म्हटलं, "आभारी आहे."

मग भाकर आली. मोडली. आणि तो बारीक आवाज आला: हे अर्धं नाही, बाई. त्याले जास्त गेलं.

व्हिडिओ थांबला. बाईंचा थांबा. माझ्या शेजारच्या मुलीनं डोळे मिटून घेतले. पडद्यावर बाईंच्या काटेकोर मराठीत प्रश्न होता: ही मुलगी आज का बोलली असावी? अ) प्रश्न सोपा होता. ब) भाकरी खरी होती. क) शिक्षिका तिच्या घरच्यासारखी बोलली.

सर हळूच म्हणाले, "बाई, यातलं बरोबर कुठलं?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारलंय." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "दोन वर्षं माझ्या वर्गात होती. रोज म्हणत होते, बोल. तिच्या घरी कसं बोलतात हे मी एकदाही कानावर घेतलं नाही, उलट..." त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मागे वळून त्या नव्या मुलीला म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी तुम्हाला काहीतरी दुरुस्त करू म्हणाले होते. ते राहू द्या. जमलं तर मलाच चार वाक्यं शिकवा."

तिनं डोळे उघडले होते. "शिकवतो न बाई," एवढंच म्हणाली. खोलीभर हसू पसरलं, बाईही हसल्या. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. सोमवार अजून होताच. अपमान झाला नाही म्हणून माणूस राहतं असं थोडंच आहे? घर लांब होतं, खोली भाड्याची होती, बाबा बोलावत होते.

बाईंनी तिन्ही पर्याय बरोबर धरले होते; सरांनी 'क' दाबलं, व्हिडिओ पुढे गेला आणि संपत आला असताना पुन्हा थांबला. हा माझा थांबा. मी रिमोट तिच्या हातात दिला. पडद्यावर होतं: यानंतर शिक्षिकेने काय करावे? अ) गावी परत जावे. ब) तिसरीला पुढचे शिकवावे.

बाकीच्यांना काही माहीत नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांना समजलं. ती रिमोट हातात धरून बसली. मग तिनं 'अ' दाबलं.

टीव्हीवर अक्षरं आली: पुन्हा विचार करा.

ती हसत माझ्याकडे वळली. डोळे ओले होते. "मले पाहायचं होतं, बाई, तुम्ही तिथं काय लिहिलं ते."

"गधडे," मी म्हटलं.

तिनं 'ब' दाबलं. चित्र हललं. गुरुवारच्या तासाचं ते शेवटचं अर्धं मिनिट होतं, टेबलावर भाकरीचा चुरा, पोरं जागेवर जायला तयार नाहीत, आणि खिडकीजवळची मुलगी तिच्या नव्या बाईंची ओढणी ओढून विचारत होती, "बाई, आमी तिघं भावंडं आहो. एका भाकरीचे तीन कसे करायचे?"

"सोमवारी करू," पडद्यावरची बाई म्हणाली. "तू भाकर आणजो."